सुख शिळें कां होतें?

घरांत उदबत्ती लावली, म्हणजे पहिल्या क्षणीं तिचा सुवास खोलीभर दरवळतो. थोड्या वेळानें तो आपल्याला जाणवेनासा होतो. उदबत्ती विझलेली नसते; तिचा धूर तसाच वर जात असतो. इतक्यांत बाहेरून कोणी पाहुणा येतो आणि म्हणतो, "वा! काय छान वास येतो आहे!" तेव्हां कोठें आपल्याला तिची पुन्हां आठवण होते. आपल्या संसारांतील सुखाचेंहि पुष्कळदां असेंच होत असतें. तें घरांतच असतें, पण आपल्याला त्याचा वास येत नाहीं. असें कां होतें, आणि त्यावर कांहीं उपाय आहे कीं काय, हें आज थोडक्यांत पाहूं.

शाळेंतून निवृत्त झालों तेव्हां मला ह्याचा चांगलाच अनुभव आला. घंटा नाहीं, तपासावयाच्या वह्या नाहींत. आतां सुखच सुख, अशी माझी कल्पना होती. हातीं आलेल्या रकमेंतून घराला नवी फरशी बसविली, एक आरामखुर्ची घेतली. पहिले पंधरा दिवस त्या फरशीवरून अनवाणी चालण्यांतहि मौज वाटे. दोन महिन्यांनीं ती नुसती फरशी झाली, आणि मन दुसरें कांहीं मागूं लागलें. तेव्हां आमच्या घरांतून प्रश्न आला, "अहो, आतां आणखी काय घ्यायचें राहिलें आहे?" मला उत्तर देतां आलें नाहीं.

मनाच्या ह्या धर्माचा मानसशास्त्रज्ञांनीं बराच अभ्यास केला आहे. १९७१ सालीं फिलिप ब्रिकमन व डोनाल्ड कॅम्बेल ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं त्याला फिरत्या पट्ट्याची उपमा दिली. पट्ट्यावरचा मनुष्य चालून चालून दमतो, परंतु जागचा हलत नाहीं. पुढें १९७८ सालीं ब्रिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इलिनॉय प्रांतांतील लॉटरीचें मोठें बक्षीस मिळालेल्या २२ जणांची चौकशी केली, आणि तितक्याच सामान्य माणसांशीं त्यांची तुलना केली. बक्षीस मिळालेले लोक इतरांहून विशेष सुखी आढळले नाहींत. इतकेंच नव्हे, तर मित्राशीं गप्पा मारणें, सकाळची न्याहारी, एखादा विनोद ऐकणें, अशा रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षां कमीच गोडी वाटत होती. एका मोठ्या सुखानें लहान सुखांची चव घालविली होती.

ह्यावरून पैसा व्यर्थ आहे, असा निष्कर्ष मात्र कोणी काढूं नये. बावीस माणसें म्हणजे फार थोडीं. स्वीडनमधील लॉटरीविजेत्यांची फार मोठी पाहणी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. तींत मोठें बक्षीस मिळालेल्यांचें आयुष्याविषयींचें समाधान दहा वर्षांनंतरहि अधिक आढळलें. रोजच्या आनंदांतील फरक मात्र त्या मानानें लहान होता. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, ज्याच्या घरांत औषधाला पैसा नाहीं, त्याला समाधानाचा उपदेश करणें हा निर्दयपणा होय. माझें बोलणें ज्यांच्या घरीं दोन वेळची भ्रांत नाहीं, आणि तरीहि ज्यांना कांहींतरी उणें वाटतें, त्यांच्यासाठीं आहे.

मग सवयीनें बोथट झालेलें सुख पुन्हां धारदार कसें करावें? पहिला उपाय आपल्या घरांतील वडील माणसांना ठाऊक होता. चातुर्मासांत ते एखादा आवडता पदार्थ वर्ज्य करीत. त्यांचा हेतु धार्मिक असे. परंतु कार्तिकांत तो पदार्थ पुन्हां पानांत पडला, म्हणजे त्याची गोडी काय वर्णावी! आंबा बाराही महिने पिकता, तर त्याची एवढी वाट कोण पाहता? २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत कांहीं लोकांना एक आठवडा चॉकलेट सोडावयास सांगितलें, व कांहींना तें यथेच्छ दिलें. आठवड्यानंतर ज्यांनीं तें सोडलें होतें, त्यांनाच तें अधिक गोड लागलें.

दुसरा उपाय पाहुण्याच्या नाकानें आपल्या घराचा वास घेण्याचा. रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅककुलो ह्यांनीं २००३ सालीं असें दाखविलें कीं, ज्या विद्यार्थ्यांनीं दहा आठवडे, दर आठवड्याला, कृतज्ञता वाटण्याजोग्या पांचपर्यंत गोष्टी लिहून काढल्या, त्यांना आपल्या कटकटी लिहून काढणाऱ्यांपेक्षां आपलें आयुष्य बरें वाटूं लागलें. मी स्वतः मास्तर असल्यामुळें हा गृहपाठ मला लगेच पटला. त्यांत एक पथ्य मात्र आहे. "प्रकृति चांगली आहे" असें मोघम लिहून उपयोग होत नाहीं. "नळ जाण्यापूर्वीं शेजारच्या मुलानें हांक मारून पाणी भरावयास सांगितलें" असें नेमकें लिहावें, म्हणजे तें मनाला लागतें.

तिसरा उपाय सर्वांत महत्त्वाचा. फरशी आज असते तशीच उद्यां असते. माणूस तसा नसतो. तो विचारतो, उत्तर देतो, रुसतो, हंसतो. म्हणून त्याच्या संगतीची सवय होऊनहि ती शिळी होत नाहीं. हार्वर्ड विद्यापीठांतील २६८ विद्यार्थ्यांची एक पाहणी १९३८ सालीं सुरू झाली. पुढें बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांची पाहणी तिला जोडण्यांत आली. त्या मुलांचे म्हातारे झाले, तरी ती चालूच राहिली. पन्नाशींत आप्तस्नेह्यांच्या सहवासांत जे समाधानी होते, ते ऐंशीव्या वर्षीं अधिक निरोगी आढळले. कोलेस्टेरॉलच्या आंकड्यापेक्षां हें समाधानच प्रकृतीचें अधिक चांगलें गमक ठरलें.

हें वाचलें, आणि मला माझा एक जुना सहशिक्षक आठवला. मुख्याध्यापकाच्या जागेवरून आमच्यांत वांकडें आलें होतें, आणि बारा वर्षें आम्ही एकमेकांशीं बोललों नव्हतों. त्याचें घर माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर. एका संध्याकाळीं मनाचा हिय्या करून गेलों. दार त्यानेंच उघडलें. क्षणभर पाहत राहिला, आणि म्हणाला, "चष्मा बदललास वाटतें?" मग आंत वळून त्यानें चहा सांगितला. जुना हिशेब कोणींच काढला नाहीं.

अर्धांगवायूनें त्याचा उजवा हात दुबळा झाला आहे. बुद्धिबळांतील मोहरीं तो डाव्या हातानें हलवितो. त्याच्या दुखण्यांत मी एकदांहि फिरकलों नव्हतों, हें दर गुरुवारीं डाव मांडतांना मला आठवतें. तीं बारा वर्षें कांहीं परत येणार नाहींत. तरीहि बुधवारपासूनच मी गुरुवारची वाट पाहूं लागतों, आणि इतक्या महिन्यांत तो आनंद कांहीं त्या फरशीसारखा झालेला नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, आजचा गृहपाठ सोपा आहे. एक आवडती वस्तु चार दिवस दूर ठेवा. रात्रीं एक नेमकी चांगली गोष्ट लिहून काढा. आणि जवळच राहणाऱ्या, पण दूर गेलेल्या एखाद्या माणसाचें दार वाजवा. पहिले दोन पुढच्या आठवड्यावर टाकले तरी चालतील. तिसऱ्याला मात्र उशीर करूं नका.