इंटरनेट आणि ऑपरेशन्स रिसर्च : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मालाचे ट्रक कोणत्या वाटेने धाडावेत, गोदामात साठा किती ठेवावा, रुग्णालयातल्या पाळ्या कशा लावाव्यात, अशा प्रश्नांना गणिताचे रूप देऊन सर्वांत चांगला निर्णय शोधणारी शाखा म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च. महागडी सॉफ्टवेअर आणि मोठी यंत्रे बाळगणाऱ्या कंपन्यांचेच हे काम, असा समज अजूनही आढळतो. तो कधीच मागे पडायला हवा होता. अमेरिकेतील आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘निऑस सर्व्हर’ १९९६ पासून ही सोय मोफत देतो. प्रश्न ॲम्पल किंवा गॅम्ससारख्या भाषेत लिहून इंटरनेटवरून पाठवायचा. तो दूरच्या यंत्रावर सुटतो आणि उत्तर परत येते. आता हा सर्व्हर विस्कॉन्सिन विद्यापीठात चालतो.

दुसरा समज अधिक खोलवर रुजलेला आहे : हजारो संगणक इंटरनेटने जोडले की कोणताही प्रश्न सुटतो. ‘नग-३०’ या प्रश्नाने तो नेमका खोडून काढला. ३० विभाग ३० जागांवर असे बसवायचे की त्यांच्यातील ने-आणीचा एकूण खर्च कमीत कमी यावा, एवढाच हा प्रश्न. तो १९६८ मध्ये मांडला गेला. मात्र शक्य मांडण्यांची संख्या २६५ वर ३० शून्ये इतकी भरते. सेकंदाला एक लाख कोटी मांडण्या तपासल्या, तरी आठ लाख कोटींहून अधिक वर्षे लागतील.

२००० साली अँस्ट्राइकर, ब्रिक्सियस, गू आणि लिंडरॉथ यांनी तो सुमारे आठवड्याभरात सोडवला. ‘कॉन्डर’ या प्रणालीने अनेक संस्थांमधले रिकामे संगणक गोळा केले. सरासरी साडेसहाशे यंत्रे एका वेळी राबत होती. एखाद्या यंत्राचा मालक कामावर परतला की ते यंत्र सुटे व्हायचे आणि त्याचे अर्धवट काम दुसऱ्याकडे जायचे. ही व्यवस्था मोलाची होतीच. पण खरी किमया होती ती खर्चाची खालची मर्यादा काढण्याच्या नव्या गणिती रीतीची. जिथे चांगले उत्तर असूच शकत नाही, अशा मांडण्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे तिने न तपासता बाद केले.

हातात आलेले उत्तर, ६१२४ हा खर्च, नवे नव्हते. अंदाजी पद्धतींनी ते आधीच सापडले होते. मग मिळाले काय, असे कोणी विचारील. याहून स्वस्त मांडणी अस्तित्वातच नाही, ही खात्री मिळाली. चांगले उत्तर आणि सर्वोत्तम ठरलेले उत्तर यांत फरक आहे, आणि तो सिद्ध करणे हे या शास्त्राचे मोठे काम आहे.

माहितीचा ओघ वाढला की निर्णय आपोआप सुधारतात, हाही भ्रमच. वाहनाची जागा क्षणोक्षणी कळते, मागणीचे आकडे तासातासाला येतात. तरीही कमी काय करायचे, खर्च की ग्राहकाची वाट पाहण्याची वेळ, हे माणसालाच ठरवावे लागते. उद्दिष्ट चुकीचे लिहिले, तर सर्व्हर त्या चुकीच्या प्रश्नाचेच अचूक उत्तर परत पाठवतो.