हार्मोन भरपूर, तरी दिवस का जात नाहीत?

'हार्मोन कमी असेल, म्हणून दिवस जात नाहीत,' असं सर्रास ऐकायला मिळतं. पण काही वेळा हार्मोन भरपूर असतं आणि त्याचा निरोप घेणारा रिसेप्टरच बिघडलेला असतो.

मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे हार्मोन रक्तात सोडते. त्याचे रिसेप्टर मुख्यतः दोन ठिकाणी असतात: स्त्रीच्या अंडाशयात बीजांडाभोवतीच्या पेशींवर आणि पुरुषाच्या वृषणात शुक्राणूंना पोसणाऱ्या पेशींवर.

एफएसएच रिसेप्टरला चिकटलं की पेशीच्या आत संदेश जातो. अंडाशयातलं फॉलिकल वाढतं, इस्ट्रोजेन तयार होतं. इस्ट्रोजेन वाढल्याचं कळलं की पिट्युटरी एफएसएच कमी करते.

रिसेप्टर बिघडला तर? १९९५ मध्ये फिनलंडमध्ये या रिसेप्टरच्या जनुकातला एक बदल सापडला. आई आणि वडील, दोघांकडूनही तो आलेल्या स्त्रियांचं अंडाशय नीट काम करत नव्हतं. एफएसएच मात्र खूप वाढलेलं होतं. कारण उत्तर येत नसल्यामुळे पिट्युटरी निरोप धाडतच राहते. हाच बदल असलेल्या पुरुषांमध्ये शुक्राणूंवर परिणाम दिसला, तरी काहींना मुलं झाली होती.

असा दोष दुर्मीळच. रिपोर्टमध्ये एफएसएच जास्त येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बीजांडांचा साठा कमी होणं. नेमकं काय झालंय, हे एका आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी एएमएच चाचणी, सोनोग्राफी आणि नवऱ्याची वीर्यतपासणीही लागते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'हार्मोन वाढवणारी' पावडर घेण्याआधी डॉक्टरांना भेटा, आणि दोघांनी मिळून जा.