मांजर लंगडत नाही, तरीही

संकेश्वरात हिरण्यकेशीकाठच्या एका घरी आम्ही गेलो असता आजी म्हणाल्या, “फादर, मांजर आता आळशी झालंय बघा. कणगीवर चढतच नाही.” पाठीचे केसही त्याने चाटून स्वच्छ ठेवले नव्हते. हा आळस नसून सांध्यांची झीज असावी, असा आम्हांस संशय आला. मांजर दुखणे लपविते; दोन्ही पाय सारखेच दुखत असल्यास ते लंगडतदेखील नाही. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारा वर्षांवरील १०० मांजरांची क्ष-किरण चित्रे तपासली, तो ९० मांजरांत झीज आढळली! मात्र चित्रातील झीज व प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही; म्हणून डॉक्टर एकेक सांधा हाताने चाचपतात. दवाखान्यात मांजर भीतीने अंग चोरून बसते, सबब त्याची घरातली चाल मोबाईलवर टिपून न्यावी हे बरे. (पिलांचे निराळे: नुसत्या मांसावर वाढविल्यास कॅल्शियमअभावी त्यांची हाडे ठिसूळ होतात.)

इतक्यात आजींचा नातू पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कालवू लागला. आम्ही त्याचा हात धरला. ती गोळी मांजराचे रक्त नासवून प्राण घेते. दुसऱ्या दिवशी मांजराला टोपलीत घालून तो गुरांच्या दवाखान्यात गेला.