कूलरचा गारवा आणि फुप्फुसातला व्रण

एप्रिल उजाडला की उटनूर-नारनूरपासून किनवट, चंद्रपूरपर्यंत खिडक्यांना कूलर लागतात. पारा ४५ अंशांकडे सरकणाऱ्या या पट्ट्यात त्यावाचून दुपार निघत नाही. मात्र गेल्या हंगामातल्या गवताच्या ताट्या तशाच ठेवल्या आणि टाकीतले पाणी शिळे होऊ दिले, तर गार वाऱ्याबरोबर बुरशीचे बीजाणूही खोलीभर पसरतात.

फुप्फुसात दाह आणि व्रण निर्माण करणाऱ्या विकारांची भारतातली मोठी नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१२ ते २०१५ या काळात १९ शहरांतल्या २७ केंद्रांवर १,०८४ रुग्ण तपासले गेले. त्यांतल्या ४७ टक्क्यांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांवर प्रतिकारशक्तीने अतिरेकी उत्तर दिल्याने होणारा दाह, असल्याचे निदान झाले. या रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांचा कूलरशी संबंध आढळला. आकडे शहरांतल्या मोठ्या दवाखान्यांचे आहेत, आणि कूलर तर घरोघरी असतो. तेव्हा एवढ्यावरून त्याला दोषी ठरवता येत नाही. संशयाला मात्र भरपूर जागा आहे.

खरी गंमत पेशींच्या पातळीवर आहे. फुप्फुसातल्या कोट्यवधी वायुकोशांना दोन प्रकारच्या पेशींचे अस्तर असते. पहिल्या प्रकारच्या पेशी अतिशय पातळ. जवळपास ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच व्यापलेला असतो आणि प्राणवायू त्यांच्यातूनच रक्तात उतरतो. दुसऱ्या प्रकारच्या पेशी गुबगुबीत. वायुकोश मिटू नये म्हणून त्या एक स्निग्ध द्रव स्रवतात आणि वेळप्रसंगी स्वतःचे रूप बदलून पहिल्या प्रकारच्या मेलेल्या पेशींची जागा घेतात.

दाह वर्षानुवर्षे चालू राहिला की हे रूपांतर अर्ध्यावर अडकते. २०२० मध्ये दोन संशोधक गटांनी रुग्णांच्या व्रण धरलेल्या फुप्फुसातली एकेक पेशी वेगळी करून तिची जनुकीय हालचाल वाचली, तेव्हा निरोगी फुप्फुसात सहसा न दिसणाऱ्या विचित्र अस्तरपेशी त्यांना व्रणाच्या कडेला सापडल्या. त्या धड जुन्या नाहीत, धड नव्या नाहीत. अस्तरपेशी आणि मॅक्रोफेज ही भक्षकपेशी यांच्याकडून ‘टीजीएफ-बीटा’ या प्रथिनाचे संदेश सुटत राहतात. ते मिळताच फायब्रोब्लास्ट नावाच्या साध्या तंतुपेशी मायोफायब्रोब्लास्ट बनतात. जिनिव्हाच्या ज्युलिओ गाबियानी यांनी १९७१ मध्ये भरत्या जखमेत दाखवलेली ही पेशी स्नायूसारखी आकुंचन पावते आणि कोलॅजेन ओतत राहते. जखम भरली की तिने मरायचे असते. इथे ती काम संपल्यावरही गिलावा थापत बसलेल्या गवंड्यासारखी हटत नाही. कोलॅजेनने ऊती ताठर होतात, त्या ताणानेच टीजीएफ-बीटा आणखी मोकळा होतो आणि चक्र पुन्हा फिरते. म्हणून सगळा दोष तंतुपेशींवर टाकणे मला पटत नाही. अस्तराची फसलेली दुरुस्तीही तितकीच जबाबदार आहे.

निन्टेडानिब, पिरफेनिडोन ही औषधे व्रणाची वाढ मंदावतात, झालेला व्रण पुसत नाहीत. कोरडा खोकला, चढावर लागणारी धाप आणि एक्स-रेवरचे डाग पाहून पहिला संशय क्षयाचा येतो, आणि आपल्या भागात तो रास्तही आहे. पण थुंकीत जंतू सापडत नसतील तर सीटी स्कॅन करून घ्यावा, आणि डॉक्टरांना घरातला कूलर, आवारातली कबुतरे, ओल धरलेल्या भिंती यांविषयी आपणहून सांगावे. दाहाचे मूळ लवकर दूर झाले, तर व्रण धरण्याआधीच तो ओसरू शकतो.