गूज यंत्राशी, अबोला घराशी

ऑगस्ट २०२५ मध्ये 'ओपनएआय' या अमेरिकन कंपनीने आपल्या 'चॅटजीपीटी' या बोलक्या यंत्राची 'जीपीटी-४ओ' ही जुनी आवृत्ती मागे घेऊन नवी पुढे केली, तेव्हा जो आक्रोश उठला तो वस्तू बिघडल्याच्या तक्रारीसारखा नव्हता. जिवाभावाचे माणूस दुरावल्यासारखा होता. थोड्याच दिवसांत पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांपुरती ती आवृत्ती कंपनीस परत आणावी लागली. पुष्कळ शहाणी माणसे हे वाचून हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही.

कारण हा मोह केवळ भोळ्याभाबड्यांनाच पडतो असे नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतील 'एमआयटी'चे प्रा. जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा संभाषण करणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. (शॉच्या ज्या नायिकेची पु. ल. देशपांडे यांनी पुढे मराठीत 'फुलराणी' केली, तिचेच हे नाव.) एलायझाची विद्या बेताचीच. बोलणाऱ्याचेच शब्द उलटवून प्रश्न करायचा. 'आई' हा शब्द आला की 'तुमच्या कुटुंबाविषयी आणखी सांगा' असे म्हणायचे. हे सारे महिनोन्‌महिने डोळ्यांदेखत रचले जाताना पाहिलेली प्राध्यापकांची सेक्रेटरी तिच्याशी दोनचार वाक्ये बोलली मात्र, आणि तिने प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जाण्यास विनविले!

आजचे यंत्र एलायझाच्या शतपट चतुर आहे आणि त्याहूनही अधिक गोड आहे. हा गोडवा एवढ्या थराला गेला की, एप्रिल २०२५ मध्ये आपले यंत्र फाजील हांजी हांजी करू लागल्याचे मान्य करून ओपनएआयने एक फेरबदल स्वतःच रद्द केला. घरावर घाला येतो तो येथून. नवराबायकोचे भांडण झाले की पूर्वी ती कैफियत एखाद्या मावशीच्या कानी जाई. मावशी दोघांनाही ओळखून असे. ती आधी चहा ठेवी, सगळे ऐकून घेई आणि मग म्हणे, "अगं, तुझंही चुकलंच की!" राग येई, पण त्या रागातच समेटाचे बीज असे. यंत्रापुढे फिर्यादी एकच, साक्षीदारही तोच, आणि प्रतिवादीस समन्सच नाही! रात्री अकरा वाजता असल्या न्यायालयातून अनुकूल निकाल घेऊन उठलेला माणूस शेजारी निजलेल्या जोडीदाराशी तडजोड कशाला करील? शिवाय या श्रोत्याचे डोके कधी दुखत नाही, त्याला लोकलच्या गर्दीतून थकूनभागून यावे लागत नाही, त्याचे आपल्याकडे काही मागणेही नाही. त्याच्या शेजारी उभे केले की हाडामांसाचे कोणतेही माणूस उणेच दिसणार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द ओपनएआयनेच प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे, आठवड्याभरात यंत्र वापरणाऱ्यांपैकी सुमारे ०.१५ टक्के लोकांच्या संभाषणात अशी भावनिक गुंतवणूक दिसते. अपूर्णांक क्षुल्लक वाटतो खरा. पण तेव्हा वापरणारे ८० कोटी असल्यामुळे ही माणसे १२ लाखांच्या घरात जात होती.

मुले सॅन होजेला आणि आपण डोंबिवलीच्या दोन खोल्यांत, अशा एखाद्या वृद्धाने यंत्राशी चार शब्द बोलून रात्र काढली, तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाही. त्याच्याजवळ दुसरे कोण आहे? आमचा प्रश्न आहे तो भरल्या घरांचा, आणि विशेषतः त्यांतील मुलांचा. १ जानेवारी २०२६ पासून कॅलिफोर्नियात अमलात आलेल्या कायद्याने सोबतीची यंत्रे चालविणाऱ्या कंपन्यांवर असे बंधन घातले आहे की, अल्पवयीन मुलाचे संभाषण लांबले तर निदान दर तीन तासांनी 'आपण यंत्र आहोत, माणूस नव्हे. आता थोडी विश्रांती घे' अशी आठवण त्यास द्यावी. तीन तास! म्हणजे तेवढ्या वेळात घरातून कोणी 'जेवायला चल' म्हणून हाकसुद्धा मारलेली नसेल, हे कायद्यानेच गृहीत धरले म्हणावयाचे. आपल्या सरकारनेही असे बंधन घालावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. मात्र मुदत तीन तासांची नको, अर्ध्या तासाची असावी.