कुलूप लागल्यावरची धास्ती

पुण्या-मुंबईतल्या मोठ्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधी ना कधी एक तक्रार येतेच. अमुक मजल्यावरचा कुत्रा दिवसभर भुंकतो, दुपारी बाळाला झोप लागत नाही, काहीतरी करा. ज्यांचा कुत्रा असतो त्यांना हे ऐकून खरोखरच आश्चर्य वाटतं, कारण ते घरात असताना तो सहसा आवाजही काढत नाही. सकाळी निघताना तो पायांत घुटमळतो आणि संध्याकाळी अंगावर उड्या मारतो. मधल्या आठ-नऊ तासांत काय होतं, हे पाहायला घरात कुणीच नसतं.

ते पाहण्याचा उपाय सोपा आहे. एखादा जुना मोबाइल दाराकडे तोंड करून ठेवायचा, व्हिडिओ सुरू करायचा आणि बाहेर पडायचं. कुत्र्यांच्या वर्तनावर काम करणारे पशुवैद्य असं चित्रीकरण आवर्जून मागतात, कारण निदान बरंचसं त्यावरूनच होतं. एकटं राहण्याची सवय असलेला कुत्रा थोडा वेळ दाराशी रेंगाळतो, खिडकीतून खाली बघतो आणि मग पसरतो. धास्तावलेल्या कुत्र्याचं चित्र वेगळं दिसतं. कुलूप लागल्यावर काही मिनिटांतच तो दार ते खिडकी अशा येरझाऱ्या घालू लागतो. धापा टाकतो, लाळ गाळतो, रडल्यासारखा ओरडतो. दाराची चौकट कुरतडतो, पायपुसणं फाडतो. बाहेर शी-शू करायची पक्की सवय असूनही घरातच करतो. निघताना समोर ठेवलेला आवडता खाऊ संध्याकाळपर्यंत तसाच पडून असतो आणि माणूस घरात आल्याबरोबर तो फस्त होतो. ही खूण विशेष महत्त्वाची आहे, कारण भीतीने गांगरलेल्या जनावराला अन्न जात नाही.

या अवस्थेला ‘सेपरेशन अँग्झायटी’ म्हणतात. आपल्या माणसापासून दूर झाल्यावर कुत्र्याला वाटणारी ही तीव्र धास्ती आहे. घरातल्यांना ती ओळखू येत नाही, कारण बहुतेकांचा समज असतो की कुत्रा सूड घेतो आहे. ‘आम्ही गेलो म्हणून मुद्दाम सोफा फाडला, आणि बघा, चेहऱ्यावरच अपराधी भाव दिसतोय’ असं बोललं जातं. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली नेमका हा अपराधी चेहरा तपासला. मालकाने कुत्र्याला खाऊ खायला मनाई करून खोलीबाहेर जायचं, अशी मांडणी होती. कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही, याबद्दल मालकाला कधी खरं सांगितलं गेलं, कधी खोटं. मान खाली घालणं, नजर चुकवणं, शेपूट पायांत घेणं हे सगळं दिसलं ते मालक रागावला तेव्हा, मग कुत्र्याने आज्ञा मोडलेली असो वा नसो. म्हणजे तो ‘अपराधी’ चेहरा रागावलेल्या माणसासमोर उमटलेला असतो. चार तासांपूर्वी फाडलेल्या उशीशी कुत्रा त्या रागाचा संबंध लावू शकत नाही. त्याला एवढंच कळतं की दार उघडलं की मार बसतो. आधी एकटेपणाची भीती होती, आता परत येणाऱ्या माणसाचीही भर पडते.

कुत्र्याचं माणसाशी नातं किती खोल असतं, हे बुडापेस्टच्या योझेफ तोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवून दिलं. लहान मुलं आईला किती धरून असतात हे पाहण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी तयार केलेली चाचणी त्यांनी 51 कुत्र्यांवर आणि त्यांच्या मालकांवर केली. अनोळखी खोलीत मालक असताना कुत्रे खेळले, हिंडले. मालक बाहेर गेला आणि परका माणूस खोलीत राहिला, तेव्हा ते दाराशी जाऊन उभे राहिले. माणूस जवळ असणं हा त्यांच्या निर्धास्तपणाचा आधार असतो. ब्रिस्टल विद्यापीठात मायकेल मेंडल यांच्या गटाने 2010 साली आणखी एक धागा जोडला. त्यांनी प्राणी-निवाऱ्यांतल्या कुत्र्यांना शिकवलं की एका कोपऱ्यातल्या भांड्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं भांडं रिकामं असतं. मग भांडं मधेच कुठेतरी ठेवलं. एकटं राहिल्यावर जास्त अस्वस्थ होणारे कुत्रे या मधल्या भांड्याकडे सावकाश गेले, जणू ते रिकामंच असणार असं धरून. दाराशी भुंकणारा कुत्रा एरवीही फार आनंदात नसावा, असं हा प्रयोग सुचवतो.

ही धास्ती कुणालाही लागू शकते, मग तो लॅब्रॅडॉर असो वा रस्त्यावरून आणलेला देशी कुत्रा. पुष्कळदा ती घरातल्या बदलानंतर दिसते. घर बदललं, मुलगी शिकायला परगावी गेली, आजोबा वारले, कामाची वेळ बदलली, अशी कारणं असतात. 2020 च्या टाळेबंदीत घरात आलेल्या पिल्लांनी रिकामं घर कधी पाहिलंच नव्हतं. ऑफिसं पुन्हा सुरू झाली आणि एका सोमवारी सगळे एकदम निघून गेले.

मात्र प्रत्येक भुंकण्यामागे धास्ती असतेच असं नाही. व्यायाम कमी पडल्याने कंटाळलेला कुत्राही चपला चावतो. जिन्यातल्या पावलांवर भुंकणारा कुत्रा राखण करत असतो. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह असला तरी घरात शू होते आणि म्हातारपणी काही कुत्र्यांना भान राहत नाही. म्हणून आधी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.

उपचाराचं सूत्र एका वाक्यात सांगता येतं: कुत्रा घाबरण्याच्या आत परत यायचं आणि हा अवधी हळूहळू वाढवत न्यायचा. सुरुवात निघण्याच्या खुणांपासून होते. चावीचा जुडगा खुळखुळला, बूट निघाले, लॅपटॉपची बॅग खांद्याला लागली की कुत्र्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून चाव्या उचलायच्या आणि चहा करायला जायचं. बूट घालून पेपर वाचत बसायचं. या खुणांनंतर दर वेळी कुणी जातंच असं नाही, हे कळलं की त्यांची धार बोथट होते. मग दाराबाहेर पाऊल टाकायचं आणि काही सेकंदांत परत यायचं. पुढे जिन्यापर्यंत, मग लिफ्टने खाली, मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. मोबाइलवर लक्ष ठेवायचं. कारण नसताना जांभया, ओठ चाटणं, दारावर खिळलेली नजर ही ताणाची पहिली लक्षणं असतात. ती दिसली तर पुढच्या खेपेला वेळ कमी करायचा. दर वेळी वेळ वाढवत नेण्यापेक्षा अधूनमधून अगदी छोटी खेप ठेवलेली बरी, म्हणजे प्रत्येक जाणं आधीपेक्षा अवघड आहे असा त्याचा ग्रह होत नाही. पहिला अर्धा तास गाठायला सगळ्यात जास्त दिवस लागतात, पुढची वाटचाल बहुधा सोपी जाते. एकूण काम आठवड्यांचं, कधी महिन्यांचं असतं.

‘रडून रडून आपोआप गप्प बसेल’ हा सल्ला मात्र घातक आहे. पोहायला शिकणाऱ्या मुलाला कुणी थेट विहिरीच्या मधोमध ढकलत नाही. शिकवणी चालू असताना कुत्र्याला झेपेल त्याहून जास्त वेळ एकटं ठेवायचं नाही, नाहीतर कमावलेलं सगळं एका दिवसात जातं. व्यवहारात हीच अट सगळ्यात कठीण असते. नवरा-बायकोने कामाच्या पाळ्या वाटून घेणं, आजी-आजोबांकडे सोडणं, कामाला येणाऱ्या मावशींना दोन तास थांबण्याचे वेगळे पैसे देणं, शेजारच्या कॉलेजकुमाराला अभ्यासासाठी आपल्या घरी बसवणं, डॉग डे-केअरमध्ये ठेवणं, असे मार्ग घरोघर शोधावे लागतात. बहुतेक कुत्र्यांना अमुकच माणूस लागतो असं नाही, कुणीतरी ओळखीचं सोबत असलं तरी पुरतं.

बाजारात मिळणाऱ्या वस्तूंचा उपयोग मर्यादित आहे. दहीभात भरून गोठवलेलं पोकळ रबरी खेळणं सौम्य अस्वस्थतेत कामी येतं, पण घाबरलेला कुत्रा त्याला तोंड लावत नाही. पिंजऱ्यात कोंडलेले धास्तावलेले कुत्रे सुटण्याच्या धडपडीत दात मोडून घेतात, नखं उपटून घेतात. सोबतीला दुसरा कुत्रा आणूनही बरेचदा फरक पडत नाही, कारण ओढ माणसाची असते. भुंकल्यावर विजेचा झटका देणारा पट्टा आवाज दाबतो आणि भीती वाढवतो.

धास्ती तीव्र असेल तर औषधाचा आधार घ्यायला संकोच करू नये. क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्झेटिन या औषधांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अनुक्रमे 1998 आणि 2007 साली कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मान्यता दिली, आणि तीही शिकवणीच्या जोडीनेच. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मात्रा पशुवैद्यानेच ठरवायची असते. घरातल्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला कधीच देऊ नयेत.

शेजाऱ्यांशी मोकळेपणाने बोलणं हाही उपचाराचाच भाग आहे. कुत्रा आजारी आहे, उपचार चालू आहेत, अजून काही आठवडे कळ काढा, असं आपणहून सांगितलं की पुष्कळ लोक समजून घेतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. आणि 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. तक्रारींना कंटाळून कुत्रा दूर कुठेतरी सोडून येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं. एकटेपणाने आधीच हादरलेल्या जनावराला याहून क्रूर शिक्षा नाही.

नवं पिल्लू आणणाऱ्या घराला हे सगळं बरंचसं टाळता येतं. पहिल्या आठवड्यापासून पिल्लाला फिरवून, खाऊ घालून, पेंग आलेली असताना शेजारच्या खोलीत काही मिनिटं एकटं राहू द्यावं आणि ते शांत असतानाच परत यावं. घरून काम करणाऱ्यांनी दिवसातून एकदा तरी त्याला न घेता खाली चक्कर मारून यावं. आणि ऑफिसला परतण्याची तारीख ठरली असेल, तर दाराबाहेरच्या त्या छोट्या खेपा निदान महिनाभर आधी सुरू कराव्यात.