खाटा कोणी मोजायच्या?

अंधेरी पूर्वेला मरोळ-मरोशी रस्त्यावरचं सेव्हन हिल्स रुग्णालय सरकारी की खासगी, हे तुम्ही कोणत्या सालाबद्दल विचारता त्यावर ठरतं. २००५ मध्ये ती महापालिकेची जमीन होती, सुमारे १७ एकर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात पालिकेनं एका खासगी कंपनीशी करार केला. १,५०० खाटांचं रुग्णालय बांधा, चालवा, वर्षाचं भाडं भरा आणि २० टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांसाठी ठेवा. हिशेबानं ३०० खाटा. २०१० मध्ये रुग्णालय सुरू झालं. पुढं भाडं थकलं, कर्ज थकलं, पगार थकले. ठरलेल्या १,५०० खाटा काही पुऱ्या झाल्या नाहीत आणि पालिकेच्या वाट्याच्या खाटांवरून दोन्ही बाजू भांडत राहिल्या. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. २०२० च्या मार्चमध्ये करोना आला, तेव्हा पालिकेनं तीच इमारत ताब्यात घेऊन तिथं कोविड रुग्णालय चालवलं.

मधल्या दोन वर्षांत कोर्टात जे झालं ते वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर राहिलं. कंपनीला कर्ज देणाऱ्यांनी एक खरेदीदार पसंत केला. आखातात रुग्णालयांचं मोठं जाळं उभारणारे बी. आर. शेट्टी यांची कंपनी. हैदराबादच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणानं त्या योजनेला मंजुरीही दिली. पालिकेचं म्हणणं असं, की कर्ज कंपनीचं असेल, पण जमीन आमची आहे. आमच्या परवानगीवाचून तिची तडजोड तुम्ही कशी करता? सर्वोच्च न्यायालयानं १५ नोव्हेंबर २०१९ रोजी पालिकेचं म्हणणं मान्य केलं आणि ती योजना रद्द केली. त्याला जेमतेम पाच महिने होतात तोच शेट्टी यांनीच स्थापन केलेली एनएमसी हेल्थ ही कंपनी लंडनमध्ये प्रशासकांच्या हाती गेली. तिच्या हिशेबात अब्जावधी डॉलरचं लपवलेलं कर्ज सापडलं होतं. पालिकेच्या वकिलांचे आभार कुणी मानल्याचं ऐकिवात नाही. मानायला हरकत नव्हती.

हे सगळं पुन्हा काढण्याचं निमित्त मात्र अमेरिकेचं आहे. २०२५ च्या १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत तिथलं केंद्र सरकारच बंद पडलं होतं. ओबामांच्या २०१० च्या कायद्यानुसार विमा घेणाऱ्यांना मिळणारं वाढीव अनुदान वर्षअखेर संपणार होतं. ते चालू ठेवायचं की नाही, हे भांडणाचं मूळ. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या कितीतरी सोसायट्यांत हा विषय परका नाही. मुलगा किंवा लेक न्यू जर्सीला असते, आईवडील सहा महिन्यांसाठी जातात आणि जाण्याआधी ‘व्हिजिटर्स इन्शुरन्स’चं पत्रक वाचतात. मधुमेह, रक्तदाब, जुनं हृदयाचं दुखणं असे आधीपासूनचे आजार त्यात सहसा बसत नाहीत. म्हणजे साठीनंतरच्या माणसाला जे होण्याची शक्यता जास्त, नेमकं तेच बाहेर. मुलाचा विमा कंपनीकडून असतो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात रुजली. सरकारनं पगारवाढीवर बंधन घातलं, मग मालकांनी माणसं टिकवायला विम्याचं आमिष दाखवलं. ती तात्पुरती सोय ऐंशी वर्षं टिकून आहे. एच-वन-बी व्हिसावाल्याची नोकरी गेली की नवी शोधायला हातात साठ दिवस उरतात आणि विमाही नोकरीबरोबर जातो. चालू ठेवायचा तर पूर्ण हप्ता खिशातून भरायचा.

तिथं भांडण मांडलं जातं ते दोन तंबूंचं. एकीकडे सगळं सरकारनं करावं म्हणणारे, दुसरीकडे सरकारनं हातही लावू नये म्हणणारे. १९४५ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्याची मागणी केली, त्यावर पुढं डॉक्टरांच्या संघटनेनं जाहिरात कंपनी नेमून हा समाजवाद असल्याचा प्रचार केला. १९६१ मध्ये रोनाल्ड रेगन नावाच्या नटानं त्याच संघटनेसाठी एक ध्वनिमुद्रिका केली. डॉक्टरांच्या बायकांनी मैत्रिणींना कॉफीला बोलवायचं आणि ती ऐकवायची, असा तो बेत. चार वर्षांनी, ३० जुलै १९६५ रोजी, मेडिकेअरचा कायदा झालाच. अध्यक्ष जॉन्सन यांनी म्हाताऱ्या ट्रुमन यांच्या गावी जाऊन त्यावर सही केली आणि पहिलं कार्ड त्यांनाच दिलं.

आता गंमत बघा. मेडिकेअरमध्ये पैसा सरकारचा, रुग्णालयं बहुतेक खासगी. आज त्या योजनेतल्या निम्म्याहून अधिक लोकांचा विमाही सरकारच्या पैशातून खासगी कंपन्याच चालवतात. सरकारनं स्वतः बांधलेली, स्वतः पगार देऊन चालवलेली मोठी रुग्णालय यंत्रणा तिथं आहे, पण ती माजी सैनिकांसाठी, आणि तिला समाजवाद म्हणायची हिंमत सहसा कुणी करत नाही. तंबू दोन असले तरी दोऱ्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

मला त्या इतिहासातला एक कमी चर्चेतला कायदा जास्त बोलका वाटतो. १३ ऑगस्ट १९४६ चा हिल-बर्टन कायदा. रुग्णालयं बांधायला केंद्र सरकार अनुदान देईल. त्या बदल्यात रुग्णालयानं वीस वर्षं, ज्यांना पैसे देणं शक्य नाही अशांवर ‘वाजवी प्रमाणात’ मोफत उपचार करायचे. वाजवी म्हणजे किती, हे कुणी लिहिलं नाही. मग इमारती झपाट्यानं उभ्या राहिल्या आणि मोफत उपचारांचा हिशेब जवळपास पाव शतक कुणी मागितला नाही. १९७० च्या सुमारास गरीब रुग्ण कोर्टात गेले, तेव्हा कुठं सरकारला नियम करावे लागले. मरोळच्या २० टक्क्यांची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

त्याच १९४६ सालात आपल्याकडे आरोग्यसेवेवरचा भोर समितीचा अहवाल आला. अध्यक्ष सर जोसेफ भोर हे नाशिकला जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. सदस्यांत मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशी होते. आणि समितीला सल्ला द्यायला १९४४ मध्ये अमेरिकेहून आले होते हेन्री सिगरिस्ट. वैद्यकाचे इतिहासकार, रशियातल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेवर पुस्तक लिहिलेले, आणि अमेरिकेत त्याच विचारांसाठी टीका सोसणारे. पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हे भोर अहवालाचं पहिलं तत्त्व. अमेरिकेनं जे ऐकून घेतलं नाही ते आपण छापून घेतलं. तिजोरीतून मात्र पैसा सुटला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के करायचं ठरवलं होतं; २०२१-२२ मध्ये, म्हणजे करोनाच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला.

मुंबईचं वेगळेपण असं, की इथं पालिकेला पळवाट नाही. १८८८ च्या महापालिका कायद्यात सार्वजनिक रुग्णालयं आणि दवाखाने चालवणं हे अनिवार्य कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. पण ते कर्तव्य पार पाडलं गेलं शहरात. नायर, केईएम, सायन ही तिन्ही मोठी रुग्णालयं उपनगरं मुंबईत येण्याआधीची. अंधेरी-घाटकोपरचा पट्टा १९५० मध्ये पालिकेत आला, बोरिवली-मुलुंड १९५७ मध्ये. २०११ च्या जनगणनेत मुंबईच्या सव्वाशे लाख लोकांपैकी सुमारे ९४ लाख उपनगर जिल्ह्यात राहत होते. तरीही गंभीर रुग्णाला ‘केईएमला न्या’, ‘सायनला न्या’ हे वाक्य राजावाडी, भगवती, अग्रवाल रुग्णालयांच्या अपघात विभागांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आलं. विलेपार्ल्याच्या कूपरला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघालं ते २०१५ मध्ये. या पोकळीत नर्सिंग होम वाढली, मग कॉर्पोरेट रुग्णालयं आली. उपनगरी माणसानं खासगी सेवा तत्त्व म्हणून निवडली, असं मला वाटत नाही. रात्री दोन वाजता सायनपेक्षा ती जवळ होती.

आणि सरकारी म्हणून जे आहे, ते आतून किती सरकारी उरलं आहे? केसपेपर पालिकेचा, एमआरआय ठेकेदाराचा, औषधाची चिठ्ठी समोरच्या मेडिकलची. ‘बाहेरून आणा’ बंद करण्यासाठी शून्य प्रिस्क्रिप्शनची घोषणा २०२३ च्या अखेरीस झाली. मुलुंडच्या अग्रवाल रुग्णालयात अतिदक्षता विभागच बाहेरच्या संस्थेला चालवायला दिला होता. तिथं पात्रता नसलेले लोक डॉक्टर म्हणून नेमल्याच्या आरोपावरून २०२३ मध्ये पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. पाटी पालिकेची आणि व्हेंटिलेटरपाशी कुणाचा माणूस उभा आहे याची खात्री पालिकेलाच नाही, ही अवस्था मला कोणत्याही उघड खासगीकरणापेक्षा वाईट वाटते. तिथं निदान बिल कुणाचं हे तरी कळतं.

निव्वळ सरकारी म्हणजे सुरक्षित, असंही नाही. सेव्हन हिल्सची कंपनी ज्या वर्षी दिवाळखोरीत गेली, त्याच २०१८ च्या १७ डिसेंबरला मरोळ एमआयडीसीतल्या कामगार विमा रुग्णालयाला आग लागली. माणसं गेली आणि रुग्णालय बंद पडलं. ज्या कामगाराच्या पगारातून दर महिन्याला वर्गणी कापली जात होती, त्याला मरोळमध्ये खाट उरली नाही. एका परिसरात एकाच वर्षी भागीदारीचं रुग्णालय बुडालं आणि सरकारी विम्याचं जळालं. मालकी कुणाची यावर तावातावानं बोलणाऱ्या दोन्ही बाजूंनी मरोळला एक चक्कर मारावी.

आपला मेडिकेअर म्हणता येईल अशी योजनाही याच जिल्ह्यात आधी आली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई उपनगर होता. पुढं ती महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली, पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांवरून सगळ्या शिधापत्रिकांपर्यंत आली, कुटुंबाचं संरक्षण दीड लाखाचं पाच लाख झालं. पैसा सरकारचा, खाट बहुधा खासगी. मोठी रुग्णालयं म्हणतात पॅकेजचे दर परवडत नाहीत. रुग्ण म्हणतो यादीत नाव आहे पण खाट नाही. पुन्हा तेच: खाट आहे की नाही हे सांगणार तोच, ज्याला ती द्यायची नाही.

बोरिवलीच्या भगवतीचं पुढं काय होणार, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. जुनं रुग्णालय पाडून नवं बांधण्यात वर्षांमागून वर्षं गेली आणि नवी इमारत आली तोवर ती खासगी भागीदारीत चालवायला द्यावी असा प्रस्तावही आला. गोवंडी-मानखुर्दच्या रुग्णालयांबाबतही तेच. कर्मचारी संघटनांचा विरोध आहे आणि तो समजण्यासारखा आहे. मात्र ‘खासगीकरण रद्द करा’ या घोषणेपुढं जाऊन कराराचा मसुदा मागणारे फार थोडे दिसतात. पालिकेच्या दरातल्या खाटा किती, अतिदक्षता विभागातल्या धरून की वगळून? रोजची मोजदाद कोण करणार, ठेकेदार की पालिकेचा माणूस? ती रोज दारावर लागणार का? संस्था बुडाली तर यंत्रं कुणाची? सेव्हन हिल्सच्या वेळी हे प्रश्न करार करताना सुटले नाहीत, म्हणून चौदा वर्षांनी ते दिल्लीच्या कोर्टात सोडवावे लागले.

वाचकाला आज उपयोगी पडेल असा एक करार मात्र लेखी आहे आणि त्यामागंही कोर्टच आहे. मुंबई उच्च न्यायालयातल्या याचिकेतून २००६ मध्ये धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना आली. विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयानं १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवायची. विलेपार्ल्याचं नानावटी, अंधेरीचं होली स्पिरिट, चार बंगल्यांचं कोकिलाबेन ही सगळी या यादीत येतात. नानावटीचं व्यवस्थापन मध्यंतरी कॉर्पोरेट साखळीकडे गेलं तरी हे बंधन सुटलेलं नाही. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला गाठायचं. बिलिंगच्या खिडकीवर हा विषय काढून उपयोग होत नाही. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही, आधी दाखल करून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. खाट नाही असं सांगितलं तर ते लेखी मागायचं आणि तक्रार वरळीच्या धर्मादाय आयुक्तांकडे करायची.